संध्याकाळी सुरू होणारा दिवस : ख्रिस्ती घराने नैसर्गिक प्रकाशाचा आरोग्यासाठी उपयोग कसा करावा

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देवाच्या शब्दाने सर्वांत आधी प्रकट झाला तो प्रकाश, आणि देवाने पाहून ज्याला चांगले म्हटले ते सर्वांत पहिले दानही प्रकाशच होय. सूर्य त्यानंतर, चौथ्या दिवशी येतो, आणि तिथे त्याचे नावसुद्धा घेतलेले नाही. दिवसावर सत्ता चालवण्यासाठी नेमलेली ती केवळ 'मोठी ज्योती' आहे. या क्रमाचा आपल्या आरोग्याशी थेट संबंध आहे. काही ख्रिस्ती घरांत, विशेषतः वडीलधाऱ्या माणसांत, सकाळी उन्हाकडे तोंड करून बसणे म्हणजे सूर्याची उपासना तर नव्हे ना, असा संकोच मी पाहिला आहे. बायबलमधीलच अनुवाद या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र व तारे यांना नमन करू नये असा इशारा आहे हे खरेच. परंतु त्याच वचनात असेही म्हटले आहे की ते देवाने आकाशाखालच्या सर्व लोकांना वाटून दिले आहेत. जे वाटून दिले ते घ्यायचे असते. भाकरीबद्दल उपकार मानून भाकर खावी, तसा प्रकाशही उपकार मानून, योग्य वेळी आणि योग्य मापाने घ्यावा, आणि तो कसा घ्यावा हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याबाबत सुशिक्षित घरांतही गोंधळ आढळतो. प्रकाश आपल्या शरीरात दोन दारांनी येतो : एक डोळ्यांचे आणि दुसरे त्वचेचे. डोळ्यांतून आलेला प्रकाश झोप, जाग, भूक आणि मनाची उभारी यांची वेळ लावतो. त्वचेवर पडलेले ऊन हाडांसाठी लागणारे ड जीवनसत्त्व तयार करते. या दोन कामांना लागणारा प्रकाश वेगळा आहे आणि त्याची वेळही वेगळी आहे. त्यामुळे 'रोज सकाळी थोडे ऊन घेतो' एवढ्याने दोन्ही कामे होतात असे समजणे चूक आहे.

संध्याकाळ : प्रकाश कमी करण्यापासून आरंभ करावा

पवित्र शास्त्रात दिवस संध्याकाळी सुरू होतो. 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली, हा पहिला दिवस' अशीच मोजणी तिथे आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही आरंभ इथूनच करणे शहाणपणाचे आहे, कारण रात्री उशिरापर्यंत प्रखर दिव्याखाली बसणाऱ्या माणसाला सकाळच्या प्रकाशाचा पूर्ण लाभ होत नाही. अंधार पडू लागला की मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची खबर मिळते. पांढरी ट्यूबलाइट, छताचे प्रखर एलईडी दिवे आणि डोळ्यांजवळ धरलेला मोबाइल ही खबर लांबणीवर टाकतात. देवाने प्रकाश व अंधार वेगळे केले, आणि अंधारालाही नाव देऊन दिवसात त्याची जागा ठरवून दिली. आपण मात्र ती सीमा जवळजवळ पुसून टाकली आहे.

म्हणून झोपण्यापूर्वीच्या दीड-दोन तासांत छताचे पांढरे दिवे बंद करावेत आणि कोपऱ्यात, डोळ्यांच्या पातळीच्या खाली, एखादा पिवळसर मंद दिवा ठेवावा. ज्या घरात रात्रीची कौटुंबिक प्रार्थना होते, तिथे ही व्यवस्था अगदी सहज बसते : जेवणे आटोपली की मोठे दिवे मालवावेत, शास्त्रपाठ मोबाइलवरून न वाचता छापील पुस्तकातून वाचावा, आणि प्रार्थनेनंतर पुन्हा मोठा दिवा लावू नये. ज्यांची नजर कमजोर आहे त्यांनी वाचण्यापुरता पुस्तकावर प्रकाश पडेल असा लहान टेबलदिवा वापरावा. झोपण्याच्या खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा झोत येत असेल तर जाड पडदा लावावा, पण तो सकाळी उघडण्याची जबाबदारी घरातल्या कोणा एकावर सोपवावी.

आपल्या चर्चच्या मंडळ्यांत परिचारिकांची संख्या मोठी आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्या या बहिणींना हा क्रम पाळता येत नाही. त्यांनी पाळीच्या पूर्वार्धात भरपूर प्रकाशात काम करावे, घरी परतताना शक्यतो सावलीतून यावे आणि खोली पूर्ण अंधारी करून झोपावे. उजेडातून येताना गडद चष्मा उपयोगी पडतो. मात्र झोपेने डोळे जड झालेले असताना दुचाकी चालवणाऱ्या व्यक्तीने तो लावू नये.

सकाळ : डोळ्यांसाठी प्रकाश

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक पेशीसमूह आहे. तो आपले मुख्य घड्याळ होय. असे घड्याळ शरीरात रेणूंच्या पातळीवर कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत हे घड्याळ 24 तासांपेक्षा थोडे हळू चालते, म्हणून ते रोज नव्याने लावावे लागते, आणि ते लावणारी मुख्य किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. त्यासाठी दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, वेगळ्या पेशी आहेत. त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे नव्हे, तर भोवती किती उजेड आहे ते मोजणे होय. दृष्टी पूर्णपणे गेलेल्या काही माणसांतही या पेशी शाबूत असतात आणि त्यांचे शरीर दिवस-रात्र ओळखते. ही रचना मी प्रथम समजून घेतली तेव्हा स्तोत्र 139 मधील 'भयप्रद व अद्भुत' या शब्दांकडे मी पुन्हा वळलो, हे इथे नमूद करावेसे वाटते.

घरातील उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण आपली नजर जुळवून घेते. मोजले तर चित्र निराळे दिसते. दिवे लावलेल्या सामान्य खोलीत साधारण 100 ते 300 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, बाहेर ढगाळ वातावरणातही कित्येक हजार लक्स असतो, आणि उघड्या उन्हात तो 1,00,000 लक्सपर्यंत जातो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत सरकले की बाहेरच्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश उरतो. म्हणून उठल्यानंतर तासाभरात घराबाहेर पडावे. अंगण, ओटा, गच्ची, सोसायटीचे आवार किंवा उघडी गॅलरी, यांपैकी जे जवळ असेल ते चालेल. तिथे 15 ते 30 मिनिटे काढावीत, पावसाळ्यात थोडी अधिक. या वेळी गडद चष्मा लावू नये, नजरेचा नेहमीचा चष्मा चालतो. सूर्याकडे टक लावून मात्र कधीही, अगदी उगवत्या सूर्याकडेही, पाहू नये. आकाशाचा उजेड डोळ्यांत आपोआप येतो, आणि सूर्यबिंबाकडे रोखून पाहिल्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

या वेळेसाठी स्वतंत्र सवय लावण्याची गरज नाही. सकाळचे मनन बहुतेक विश्वासणारे आतल्या खोलीत, दिव्याखाली करतात. तेच बाहेर करावे. मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू पहाटे, बराच अंधार असतानाच उठून बाहेर पडला आणि एकान्त जागी जाऊन प्रार्थना करू लागला असे सांगितले आहे; म्हणजे त्याच्या प्रार्थनेच्या वेळीच उजाडत गेले असणार. स्तोत्र 5, 19 किंवा 104 यांपैकी एखादे पाठ असले तर हातात पुस्तकही लागत नाही, आणि चालता चालता ते म्हणता येते.

सकाळच्या प्रकाशाचा मनावर होणारा परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. अंधाऱ्या ऋतूंत दरवर्षी परतणाऱ्या उदासीचे वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली केले, आणि प्रखर प्रकाश हा तिच्यावरचा मान्य उपचार आहे. ब्रिटन किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ही उदासी ओळखीची असेल. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी अर्धा तास 10,000 लक्सचा दिवा वापरला जातो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून तिथला आरोग्य विभाग त्या काळात सर्वांना रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करण्यास सांगतो. आणि हवामान कोणतेही असो, उदासी म्हणजे विश्वासातील उणीव नव्हे. ती आठवड्यांमागून आठवडे टिकली तर प्रार्थनेइतकीच डॉक्टरांचीही मदत घ्यावी.

दुपार : त्वचेसाठी ऊन

आपल्याकडे 'कोवळे ऊन' औषधासारखे मानले जाते. ते सुखद आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावण्यासाठी उत्तम आहे, परंतु ड जीवनसत्त्वासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश एका द्रव्यावर ठरावीक लांबीचे अतिनील किरण पडले तरच त्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर सुरू होते, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण हवेच्या जाड थरात शोषले जातात. हेच किरण खिडकीच्या काचेतूनही आत येत नाहीत. बंद सरकत्या काचेमागे बसून घेतलेल्या उन्हाने अंग तापते, त्वचा काळवंडू शकते, पण हाडांना काही मिळत नाही.

योग्य वेळ ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, आपली सावली पुरते. सपाट जमिनीवर उभे राहून पाहावे : सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होते, लांब असेल तर फारसे होत नाही. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड अशी दोनच तासांची असते, कारण सूर्य तेव्हा भर मध्यान्हीही जेमतेम 48 अंशांवर येतो. मे महिन्यात मात्र सकाळी साडेनऊच्या आधीच सावली आखूड झालेली असते. याचा अर्थ असा, की हिवाळ्यात जेवणापूर्वीचे ऊन घ्यावे आणि उन्हाळ्यात साडेनऊ-दहाचे. मे महिन्यात, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, दुपारी बाराला ड जीवनसत्त्वासाठी उन्हात उभे राहण्याचे काहीच कारण नाही.

चेहरा, हात कोपरापर्यंत आणि शक्य असल्यास पोटऱ्या उघड्या ठेवून 15 ते 30 मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस, हे सामान्य निरोगी प्रौढाला आरंभासाठी बरे माप आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य अतिनील किरण अडवते, त्यामुळे गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेली पाच-दहा मिनिटांची मापे आपल्याला अपुरी पडतात. म्हातारपणी त्वचेची ही क्षमता बरीच घटते. त्वचा चुरचुरण्याच्या किंवा लाल होण्याच्या आधीच सावलीत यावे; अधिक वेळ बसून अधिक लाभ होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा तयार झालेले द्रव्य स्वतःच मोडून टाकते.

गोळ्यांबाबत असा आपोआप बसणारा आळा नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, काही आठवड्यांसाठी, डॉक्टर लिहून देतात. पुष्कळ घरांत ती नंतरही महिनोन्महिने, कोणाला न विचारता, चालूच राहते. अशाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. चिठ्ठीवर जितके आठवडे लिहिले असतील तितकेच घ्यावे आणि पुढे रक्त तपासून ठरवावे. आहारातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. बांगडा, तारली आणि अंड्याचा पिवळा बलक हे त्यातल्या त्यात चांगले स्रोत आहेत, आणि वसई किंवा कोकण-गोव्याकडच्या घरांना ते सहज उपलब्ध आहेत.

पवित्र शास्त्र उन्हाचे केवळ गुणच सांगत नाही. योनाच्या डोक्यावर ऊन लागून तो मूर्च्छित झाला, आणि 2 राजे 4 मध्ये शूनेमच्या बाईचा मुलगा कापणीच्या हंगामात शेतावर गेला असता 'माझे डोके, माझे डोके' असे ओरडला आणि दुपारीच आईच्या मांडीवर मरण पावला. मजकुरात रोगाचे नाव नाही, तरी उन्हाळ्यात शेतावर काम केलेला कोणीही ते लक्षण ओळखील. डोके दुखू लागणे, मळमळ, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काही दिसले तर माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. ल्युपससारखा उन्हाने बळावणारा आजार असलेल्यांनी, तसेच डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधे चालू असलेल्यांनी, ऊन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आजाऱ्याची खोली आणि लहान मुले

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना 1837 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावल्याची जाणीव झाली, आणि पुढे आजाऱ्यांच्या सेवेत घालवलेल्या वर्षांतून त्यांनी असे लिहून ठेवले की आजाऱ्याला ताज्या हवेखालोखाल गरज असते ती प्रकाशाची. रोगी जवळजवळ नेहमी उजेडाकडे तोंड करून पडतात, वनस्पतींप्रमाणे, हेही त्यांचेच निरीक्षण. पुढे 1903 साली त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझां येथे ऑग्युस्त रोलिए यांनी हाडांच्या क्षयासाठी सूर्यचिकित्सेचे रुग्णालय उघडले. ते पहिल्या दिवशी फक्त पावलांना काही मिनिटे ऊन देत आणि मग हळूहळू वर सरकत. ही सावधगिरी आजही अनुकरणीय आहे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली उभारलेल्या मिशन रुग्णालयाच्या कार्यातूनच पुढे वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले गुणकारी औषध सापडण्यापूर्वीच्या त्या काळात अशा आरोग्यधामांत मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार होता. आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत आणि ती पूर्ण मुदतीपर्यंत घेतलीच पाहिजेत. ऊन त्यांची जागा घेत नाही.

तरीही जुन्या परिचारिकांची शिकवण घरात पाळण्यासारखी आहे. आजाऱ्याची खाट खिडकीला काटकोनात ठेवावी, म्हणजे प्रकाश दिसेल पण तिरीप डोळ्यांवर येणार नाही; दिवसा पडदे आणि काचा उघड्या ठेवाव्यात; आणि उशा-गाद्या आठवड्यातून एकदा भर उन्हात टाकाव्यात.

नवजात बाळाला कावीळ झाली असता घरीच उन्हात ठेवण्याची रीत आहे. तिच्यामागे काही तथ्य आहे : इंग्लंडमध्ये रॉचफर्ड येथील रुग्णालयात 1956 साली सिस्टर वॉर्ड या परिचारिकेने बाळांना उन्हात नेऊन आणले असता, उघड्या राहिलेल्या त्वचेचा पिवळेपणा ओसरल्याचे तिच्या ध्यानात आले, आणि त्यातूनच आजची निळ्या दिव्याची उपचारपद्धती निर्माण झाली. परंतु त्या दिव्याचे माप ठरलेले असते, उन्हाचे नसते, आणि वाढलेली कावीळ मेंदूला इजा करू शकते. म्हणून पिवळे दिसणारे बाळ आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि तान्ह्या बाळाला कडक उन्हात कधीच ठेवू नये. मोठ्या मुलांसाठी रोज दोन तास घराबाहेरचा उजेड असावा. त्याने जवळचे दिसून दूरचे न दिसण्याचा दोष सुरू होण्याचा संभव कमी होतो, आणि त्यासाठी झाडाची सावलीही चालते. संडे स्कूलचा वर्ग चर्चच्या आवारात झाडाखाली भरवणे हा याचा सर्वांत सोपा आरंभ आहे.

घरात अडकलेले वृद्ध

सर्वांत कमी प्रकाश ज्यांना मिळतो ती माणसे मंडळीच्या उपासनेला दिसतच नाहीत. गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नसलेले, आतल्या खोलीत दूरचित्रवाणीसमोर दिवस काढणारे आपले वडीलधारे महिनोन्महिने बाहेरचे आकाश पाहत नाहीत, आणि मोडलेली झोप व ठिसूळ हाडे यांचा भारही त्यांच्यावरच अधिक असतो. पाळक आणि वडीलजन त्यांना भेटायला जातात, पलंगाजवळ बसून प्रार्थना करतात आणि परत येतात. ही भेट सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास ठेवावी (हिवाळ्यात बाराच्या सुमारास) आणि दोघे सशक्त तरुण सोबत न्यावेत.

घरच्यांची परवानगी घेऊन हात असलेली पक्की खुर्ची गॅलरीत, जिन्याच्या मोकळ्या टप्प्यावर किंवा अंगणात मांडावी. वृद्ध व्यक्तीला सावकाश आधार देऊन आणावे, कारण पलंगावरून एकदम उठल्याने चक्कर येते. चेहऱ्यावर सावली आणि हात-पाय उन्हात राहतील अशा बेताने खुर्ची फिरवावी, डोक्यावर रुमाल किंवा पदर असावा, हाताशी पाणी असावे. पहिल्या भेटीत पाच मिनिटे पुरेत, पुढे दर खेपेस थोडी वाढवावीत. तिथेच शास्त्रपाठ आणि प्रार्थना करावी. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असे वचन असलेले स्तोत्र 121 या वेळेला शोभते, आणि ते सावकाश वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ते संपले की त्यांच्या दंडाला हात लावून पाहावे, आणि कातडी तापली असेल तर उरलेली भेट खुर्ची सावलीत ओढून पूर्ण करावी.